गर्भ नसतानाही गुन्हा

पूर्वपक्ष मांडायचा तर तो त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडावा, ही आपल्याकडच्या वादाची जुनी रीत आहे. गर्भपाताच्या प्रश्नावर महाराष्ट्रातील पुरोगामी भूमिकेविरुद्धचा सर्वांत धारदार पूर्वपक्ष असा: ‘नको असलेलं गरोदरपण संपवायचा हक्क बाईचा, असं तुम्ही म्हणता. आणि तोच गर्भ मुलीचा म्हणून पाडला, की तुम्हीच मोर्चे काढता. गर्भ जर कुणीच नसेल, तर लिंग पाहून तो पाडल्यानं अन्याय कुणावर झाला? आणि तो कुणीतरी असेल, तर लिंग न पाहता पाडणं निर्दोष कसं? दोहोंतलं एक सोडा.’ या शंकेला बहुतेक वेळा घोषणेने उत्तर दिले जाते, आणि म्हणूनच ती अजून जिवंत आहे. माझ्या मते या दोन भूमिकांत विसंगती नाही. मात्र ती का नाही, हे नीट सांगू लागलो की अडचण भलत्याच ठिकाणी निघते, आणि तिथे आपल्यापैकी बरेच जण नजर चुकवतात.

आधी इतिहास पाहू. शांतिलाल शाह समितीच्या अहवालानंतर १९७१ साली वैद्यकीय गर्भपाताचा कायदा झाला. असुरक्षित गर्भपातात बायका मरत होत्या, ते थांबवणे हा त्यामागचा मोठा हेतू होता. त्या कायद्याने बाईला हक्क दिला असे आपण सहज म्हणतो, पण त्याने प्रत्यक्षात संरक्षण दिले ते डॉक्टरांना. ठराविक कारणे असतील आणि डॉक्टरांचे प्रामाणिक मत तसे असेल, तर तो गुन्हा धरला जाणार नाही, इतकेच. पुढच्या काळात गर्भजल परीक्षा आली. गर्भातील व्यंग ओळखण्यासाठी आलेल्या या तंत्राचा मुंबईत आणि इतरत्र लिंग सांगण्यासाठी धंदा झाला; हुंड्याच्या खर्चाशी चाचणीच्या खर्चाची तुलना करणाऱ्या जाहिराती लागल्या. स्त्री संघटनांच्या रेट्यामुळे १९८८ मध्ये महाराष्ट्राने देशातील पहिला प्रतिबंधक कायदा केला आणि १९९४ मध्ये केंद्राने. तरीही शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे महाराष्ट्रातील मुलींची संख्या १९९१ मधील ९४६ वरून २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४ वर आली. बीड जिल्ह्यात ती ८०७ होती.

आता केंद्राच्या या लिंगनिदानविरोधी कायद्याच्या २००३ च्या दुरुस्तीकडे पाहावे, कारण माझा सगळा युक्तिवाद तिच्यावर उभा आहे. त्या वेळी कायद्याच्या नावात ‘गर्भधारणापूर्व’ हा शब्द आला. मुलगाच व्हावा म्हणून शुक्रजंतू वेगळे करणे किंवा प्रयोगशाळेत तयार झालेल्या भ्रूणांतून पुरुषलिंगी भ्रूण निवडून तेवढाच गर्भाशयात सोडणे, हेही गुन्हे ठरले. शुक्रजंतू निवडताना गर्भ कुठे असतो? तेव्हा कुणाचाही जीव जात नाही, काही पाडले जात नाही. तरीही ही बंदी योग्यच आहे असे, गर्भपाताला विरोध करणाऱ्यांसह, बहुतेकांना वाटते. म्हणजे लिंगनिवडीतला अन्याय गर्भाच्या जिवावर अवलंबून नाही. तो गर्भपातातून झाला तर त्याच रूपात दिसतो, नळीतून झाला तर नळीच्या रूपात. पूर्वपक्षाचे पहिले गृहीतकच इथे निखळते: लिंगनिवडीला विरोध करण्यासाठी गर्भाला व्यक्ती मानावे लागत नाही.

‘मग अन्याय सोसणारी व्यक्ती दाखवा,’ असे पूर्वपक्ष म्हणेल. त्या व्यक्ती आपल्या आसपास वावरत आहेत. ज्या घरात दुसरी मुलगी नको म्हणून तपासणी होते, त्या घरातील पहिल्या मुलीला आपली किंमत कळते. मुलगा होईपर्यंत जिच्यावर गरोदरपणामागून गरोदरपण लादले जाते, तिच्या शरीराची झीज होते. हा कायदा तिलाच आरोपी करील, ही भीतीही त्याच्या कर्त्यांनी ओळखली होती. उलट काही सिद्ध होत नाही तोवर बाईवर नवऱ्याने किंवा नातेवाइकांनी सक्ती केली असेच न्यायालयाने गृहीत धरावे, असे कलम त्यात आहे. यावर आणखी एक प्रश्न येतो, आणि तो रास्त आहे: सक्ती नसताना एखाद्या बाईने स्वतःच असे ठरवले तर? तिथे माझे उत्तर असे, की शरीरावरचा हक्क म्हणजे समाजाच्या यंत्रणेकडून हवी ती माहिती मिळवण्याचा हक्क नव्हे. कायदा अडवतो ते चाचणीला आणि ती विकणाऱ्याला. गरोदरपण संपवायला आलेल्या बाईची उलटतपासणी घ्यायला तो सांगत नाही. हा फरक कागदावर राहिला, व्यवहारात पुसला गेला. २०१२ मध्ये बीडमधील लिंगनिवडीच्या गर्भपाताची प्रकरणे गाजली, तपासण्यांचा धडाका लागला, आणि कारवाईच्या धाकाने अनेक औषध दुकानदारांनी गर्भपाताच्या गोळ्या ठेवणेच सोडले. त्या गोळ्या सुरुवातीच्या आठवड्यांत घ्यायच्या असतात; सोनोग्राफीत तेव्हा लिंग दिसतही नाही. लिंगनिवडीशी ज्यांचा काडीचा संबंध नव्हता त्या बायकांची वाट अशी बंद झाली. दोन वेगळ्या गोष्टी एका नावाखाली कोंबल्या की किंमत मोजायला त्याच बायका पुढे येतात.

‘तर तुमच्या लेखी गर्भ कुणीच नाही,’ असा निष्कर्ष यातून कुणी काढील. तो मला मान्य नाही. परंपरेकडे गेलो तर तिथेही एकच उत्तर मिळत नाही: चरकसंहिता शुक्र-शोणिताच्या संयोगातच जीव मानते, तर गर्भोपनिषदात जीव सातव्या महिन्यात येतो. १८६० च्या दंडसंहितेने गर्भाची हालचाल जाणवू लागल्यानंतरच्या गर्भपाताला आधीच्यापेक्षा अधिक शिक्षा ठेवली होती. आधुनिक तत्त्वचिंतनात डॉन मार्क्विस यांचा युक्तिवाद मला सर्वांत जड वाटतो. मारण्यातले वाईट हे की त्याने समोरच्याचे सगळे पुढचे आयुष्य हिरावले जाते, आणि असे पुढचे आयुष्य गर्भालाही असते, असे ते म्हणतात. पण आठ आठवड्यांच्या गर्भाला वेदना नाही, इच्छा नाही, ‘मी’ नाही. त्या भविष्याचा धनी म्हणावा असा तिथे अजून कुणी नाही. वेदना जाणवण्यासाठी मेंदूत ज्या जोडण्या लागतात त्या साधारण चोविसाव्या आठवड्याच्या सुमारास तयार होतात, आणि आईच्या शरीराबाहेर जगण्याची शक्यताही त्याच सुमारास दिसू लागते. गर्भाचा दर्जा एका क्षणात येत नाही, वाढत जातो. ज्युडिथ जार्व्हिस थॉमसन यांनी १९७१ मध्येच, योगायोगाने आपल्या कायद्याच्याच वर्षी, दाखवले की गर्भाला व्यक्ती मानले तरी दुसऱ्याच्या शरीरावर जगण्याचा हक्क त्याला आपोआप मिळत नाही. बाईचा हक्क आहे तो आपले शरीर न देण्याचा. गर्भ बाहेर जगू शकत नाही तोवर हा हक्क आणि गर्भाचा शेवट वेगळे करता येत नाहीत; पुढे ते वेगळे होऊ लागतात, आणि तिथे मर्यादा घालणे मला समर्थनीय वाटते.

आणि नेमकी इथेच ती अडचण आहे. गर्भपाताच्या कायद्यातील २०२१ च्या दुरुस्तीने काही गटांतील बायकांसाठी मर्यादा २४ आठवड्यांवर नेली. पण वैद्यकीय मंडळाने गर्भात गंभीर व्यंग असल्याचे निदान केले, तर आठवड्यांची मर्यादाच उरत नाही. आता ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आलेले प्रकरण घ्या. दोन मुलांची आई, आधीच्या बाळंतपणानंतरच्या मानसिक आजाराने ग्रासलेली, सव्वीस आठवड्यांची गरोदर. आधी परवानगी मिळाली. मग गर्भ जगण्याची शक्यता असल्याचे डॉक्टरांनी कळवल्यावर न्यायमूर्ती हिमा कोहली मागे हटल्या, तर न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना बाईच्या निर्णयावर ठाम राहिल्या. शेवटी तीन न्यायमूर्तींनी नकार दिला. २४ आठवडे उलटले आहेत, आईच्या जिवाला तातडीचा धोका नाही, आणि गर्भात व्यंग नाही, अशी कारणे त्यांनी दिली. तिसरे कारण पुन्हा वाचावे. तोच सव्वीस आठवड्यांचा गर्भ व्यंग असलेला असता, तर परवानगीची वाट खुली होती. वाढत्या दर्जामुळे मर्यादा घातली असेल, तर व्यंग निघताच तो दर्जा कुठे जातो? मुलगी म्हणून निवडून काढणे हा जिवंत मुलींचा अपमान, असे मी वर म्हटले. अपंग म्हणून निवडून काढणे हा जिवंत अपंगांचा अपमान कसा नाही, असे अपंगत्व-चळवळीतील लोक विचारतात, तेव्हा माझाच युक्तिवाद ते माझ्यापुढे ठेवतात. ‘मुलगी असणं दुःख नाही, व्यंग हे दुःख आहे,’ हे उत्तर पुरत नाही. हुंड्याच्या समाजात मुलीच्या वाट्यालाही दुःख येतेच, आणि अपंगांच्या दुःखाचा मोठा भाग आपल्या शाळांनी, रस्त्यांनी, नोकऱ्यांनी घडवलेला असतो.

म्हणून मी इथपर्यंत येतो: मर्यादेच्या आत बाईला कारण विचारू नये, व्यंगाचेही नाही. मर्यादेनंतर आईचे प्राण आणि आरोग्य, मानसिक आरोग्यासकट, यांसाठी वाट असावी; आणि ज्या व्यंगात बाळ जन्मानंतर जगणारच नाही, त्यासाठीही. मेंदू आणि कवटीच न घडलेला गर्भ आणि डाउन सिंड्रोम असलेला गर्भ यांना ‘गंभीर व्यंग’ या एकाच शब्दात बसवणे कायद्याने सोडून द्यावे. यावरचा आक्षेप मला दिसतो. व्यंग शोधणारी सोनोग्राफी अठराव्या ते बाविसाव्या आठवड्यात व्हायला हवी. तालुक्याच्या गावी यंत्र नसते, असले तर रेडिओलॉजिस्ट नसतो, जिल्ह्याला जाण्यात दिवस जातात आणि निदान हाती येते तेव्हा पंचविसावा आठवडा लागलेला असतो. माझी मर्यादा शहरातल्या बाईला जाचणार नाही, हिला जाचेल. यावर उपाय म्हणजे वेळेवर आणि मोफत सोनोग्राफी, तीही ग्रामीण रुग्णालयात, हे मला ठाऊक आहे. आणि ती तिथे पोहोचेपर्यंत या बाईला थांब म्हणण्याचा अधिकार मला नाही, हेही. तोवर तिच्यासाठी मर्यादा शिथिल ठेवावी. पण ती सवलत यंत्रणेच्या उशिराची भरपाई म्हणून कायद्यात लिहावी, गर्भातील मुलाच्या अपंगत्वाच्या नावावर नको.