टिटवीची शिदोरी

गंगाखेडजवळ, गोदावरीकाठच्या एका वावरात वैशाखातली वखरणी चालली होती. आबांनी बैल एकाएकी थोपवले. पुढ्यात एक टिटवी पंख पसरून जीव तोडून ओरडत होती. तिच्या मागं काळ्या ढेकळांच्या खळग्यात चार अंडी. मातकट रंग, त्यावर काळे डाग, निमुळती टोकं आत वळवून एकमेकांना टेकवलेली. नजर जरा हलली की ढेकळांत हरवून जायची.

“चार हायेत. चार म्हैने पाऊस!” आबा हरखले. टिटवीची अंडी मोजून पावसाचं भाकीत करायची आपल्याकडची जुनी रीत.

नातू बांधावर तोंड फुगवून बसला होता. ऊसतोडीला गेलेली माय दिवाळीनंतर थेट पाडव्याला परतली, तेव्हापासून तो तिच्याशी धड बोलत नव्हता. शेजारच्या पोराला त्याची आई दोन्ही वेळा गरम भाकर वाढायची. आपली तेवढी निघून जाते, हे त्याच्या मनातून जात नव्हतं.

पण अंडी बघून तो उठलाच. “आबा, एवढ्याशा पाखराची एवढाली अंडी?”

पोराची नजर बरोबर होती. टिटवी भरते जेमतेम पावणेदोनशे ग्रॅम आणि तिचं एक अंडं 18 ग्रॅमच्या आसपास, म्हणजे अंगाच्या दहाव्या हिश्शाएवढं. चारांचा हिशेब धरला, तर 50 किलोच्या बाईनं पाच-पाच किलोंची चार लेकरं वाहावीत तसं हे ओझं. कावळी तिच्याहून थोराड, 300 ग्रॅमची, पण तिचं अंडं 14 ग्रॅमचंच. शहामृगाचं अंडं जवळपास दीड किलोचं, तरी त्या धिप्पाड देहापुढं शेकडा दोनसुद्धा नाही. न्यूझीलंडच्या किवीचं मात्र मादीच्या वजनाच्या सहाव्या हिश्शाएवढं असतं.

“मंग कावळी कंजूष म्हणायची का?” नातवानं विचारलं.

आबांनी लिंबाकडं बोट केलं. शेंड्यावरच्या काटक्यांच्या घरट्यात लालभडक चोची वासल्या होत्या. कावळी आली, घास भरवला, लगेच उडाली. “सकाळपासून तिला दम न्हाई. तिची पिल्लं आंधळी, उघडी निपजत्यात. महिनाभर भरवायचं. आन् हिचं घर भुईवर. कुत्रं, मुंगूस, वखर. पिल्लू फुटलं त्याच दिशी पळाय पाह्यजे, आपलं किडूक आपण टिपाय पाह्यजे. समदं अंड्यातच भरून द्यावं लागतंय बाबा.”

आबांनी भोवती दगड मांडले आणि वखर वळसा घालून नेला. तेवढा तुकडा त्या साली तसाच राहिला.

नातू रोज बांधावर येऊ लागला. दुपारी भुई तापली की टिटवी नदीकडं जायची, पोटाची पिसं भिजवून परतायची आणि ओल्या पोटानं अंड्यांवर टेकायची. ते बघताना त्याला दिवाळीआधीचे दिवस आठवले. मायनं कणगी ज्वारीनं भरली होती, डब्यांत तिखट-मीठ, डाळ. दप्तराला नवा बंद शिवला होता. धाकटीची वेणी कशी घालायची ते तिच्याच डोक्यावर दाखवलं होतं. त्याला चुलीपुढं बसवून भाकर थापायला लावली होती. चार भाकरी फुटल्या तरी त्याच्या हातातलं पीठ काढून घेतलं नव्हतं. तेव्हा त्याला तिचा राग आला होता.

मृगाच्या तोंडाला अंडी फुटली. अंग वाळलं न वाळलं तोच काड्यांसारख्या पायांवर पिल्लं धावू लागली. टिटवी ओरडली तशी चारही भुईला चिकटली, ढेकळंच झाली.

त्या सांजेला माय वावरातून परतली तर चूल पेटलेली. परातीत पीठ मळलेलं, तव्यावर भाकर फुगत होती.

“कोण करायलंय रे?”

“बस माय,” तो मान वर न करता म्हणाला, “पहिली तुलाच काढायलोय.”