मतभेद आणि प्रीति
शास्त्रपाठ : प्रेषितांचीं कृत्यें, अध्याय १५, वचनें ३६ ते ४१



ज्या अध्यायाच्या आरंभीं सुंतेचा मोठा वाद यरुशलेमांतील सभेंत एकोप्यानें मिटल्याचें आपण वाचतों, त्याच अध्यायाच्या शेवटीं पौल व बर्णबा यांची फारकत वाचून मनास दुःख होतें. हा वाद धर्ममताविषयीं नव्हता. तो एका तरुणाविषयीं होता. योहान मार्क पहिल्या फेरींत पंफुल्याहून त्यांस सोडून परत गेला होता. आतां त्याला पुन्हां बरोबर घ्यावें, असें बर्णबाचें मत. घेऊं नये, असें पौलाचें. वाद इतका वाढला कीं, दोघांच्या वाटा निराळ्या झाल्या. बर्णबानें मार्कासह कुप्र बेटाची वाट धरली. पौल सीलाबरोबर सूरिया व किलिकिया प्रांतीं गेला.

चूक कोणाची? शास्त्र तें सांगत नाहीं. पौलाची दृष्टि कामाकडे होती. लुस्त्रांत दगडमार सोसलेल्या त्या सेवकास ठाऊक होतें कीं, अर्ध्यावर सोडून जाणारा सोबती इतरांसही संकटांत घालतो. बर्णबाची दृष्टि माणसाकडे होती. मार्क त्याचा आप्त होता खरा; परंतु सर्व शिष्य शौलाला भीत असतां याच बर्णबानें शौलाला प्रेषितांकडे नेलें होतें. म्हणजे पौलही एकदां बर्णबाच्याच भरंवशावर उभा राहिला होता. एकाला कळपाची काळजी, दुसऱ्याला हरवलेल्या मेंढराची. आणि दोन्ही काळज्या प्रभूच्याच आहेत.

मंडळींत सल्ला देणाऱ्यांवर हा प्रसंग वारंवार येतो. एका गांवीं एक तरुण दारूच्या नादीं लागून दूर गेला व कांहीं महिन्यांनीं रडत परत आला. त्याला लगेच प्रभुभोजनास घ्यावें, असें तेथील वृद्ध उपदेशकांचें मत. आधीं कांहीं काळ त्याची चालचलणूक पाहावी, असें माझें. माझें मत आजही तेंच आहे. पण त्यांच्याशीं एकांतीं बोलण्याऐवजीं मीं त्या तरुणाच्या ओसरीवर, घरच्यांच्या देखत, त्यांच्या सल्ल्यास भोळेपणा म्हटलें. तो तरुण म्हणाला, “पाळकसाहेब, आधीं तुम्हां दोघांचें जमूं द्या, मग मी येईन.” तीन वर्षें तो आला नाहीं, आणि आला तो त्या उपदेशकांच्याच धीरानें. मत माझें चुकलें नसेल. जीभ चुकली, आणि तिचा दंड त्या लेंकरानें भरला.

पौलाकडे पाहा. या प्रकरणावरून बर्णबाविषयीं एकही कडू शब्द त्याच्या पत्रांत नाहीं. उलट, करिंथकरांस लिहितांना तो त्याला आपल्याबरोबर कष्ट करणारा सेवक म्हणून मानानें उल्लेखितो. आणि मार्क? कलस्सैकरांनीं त्याचें स्वागत करावें, असें पौल सांगतो. शेवटीं बंदिवासांतून तीमथ्याला लिहितो कीं, त्याला घेऊन ये, सेवेंत तो माझ्या उपयोगाचा आहे. बर्णबाच्या ममतेनें, आणि कदाचित् पौलाच्या कडकपणानेंही, तो तरुण घडला होता.

इंग्लंडांतील जॉन वेस्ली व जॉर्ज व्हिटफील्ड यांचाही पूर्वनिवडीच्या मतावरून १७३९ पासून उघड वाद झाला. तरी त्यांनीं मैत्री पुन्हां सांधली. आणि १७७० सालीं व्हिटफील्ड अमेरिकेंत निवर्तल्यावर लंडनांत त्याच्या स्मरणाचा उपदेश वेस्लीनेंच केला. मत कोणीं सोडलें नाहीं. भाऊ मात्र राखला.

तर, उपदेशकांनो व वडिलांनो, मत न पटल्यास प्रथम त्या बंधूकडेच एकांतीं जा. त्याचें म्हणणें, तो स्वतः मान्य करील अशा शब्दांत, आधीं सांगून पाहा. दुःखी मनुष्याला आपल्या वादाचा पंच करूं नका. वाटा निराळ्या झाल्याच तर दार लावून घेऊं नका; आणि देवानें मार्काला बदललें, असें दिसतांच तसें बोलून दाखवण्यास लाजूं नका.

हे प्रभो, आमच्या मुखांत सत्य दे व त्या सत्याला तुझी सौम्यता दे. आमच्या वादामुळें तुझें एकही लेंकरूं दाराबाहेर राहूं नये. आमेन.