असन्निधानी काय सोडावे?

आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील डोमेग्रामी सर्वज्ञांशी वाद करावयास आलेले सराळ्याचे म्हाइंभट विद्येचे मोठे अभिमानी होते. पुढे अनुसरण घडले, पांडित्याचा तोरा व धन मागे राहिले. पण तेच म्हाइंभट नंतर एकेका भक्तास विचारून गेलेल्या दिवसांच्या लीळा जमवू लागले. मग गत ते सोडले म्हणावे कशास? जे 'माझे' म्हणून होते ते सुटले. परमेश्वराचे होते ते धरले. नाम, लीळा, मूर्ती, चेष्टा यांच्या स्मरणाशेजारी सोडलेल्या घराचा हिशेब मावत नाही. तो मात्र अद्यापि कित्येक साधकांच्या झोळीत असतो. पुढील काळाविषयीही तेच. स्वामी उत्तरापंथे गेल्यावर पुनर्भेटीचा दिवस कोणासही ठाऊक नव्हता. तरी भटोबासादिकांनी उद्याचा संग्रह न करता भिक्षान्नावरच तो काळ काढला.