सही आहे, नाव नाही

काही वर्षांपूर्वी एक मध्यमवयीन कारकून संध्याकाळच्या वेळी माझ्या कचेरीत आला. तो ज्या संस्थेत नोकरीला होता तेथील हिशेबात काही काळेबेरे चालले आहे, अशी त्याची खात्री झाली होती. चार पानी अर्ज त्याने स्वच्छ अक्षरात लिहून आणला होता. खाली सहीची जागा मात्र कोरी होती. "वकीलसाहेब," तो म्हणाला, "सही केली तर नोकरी जाते, आणि नाही केली तर अर्ज टोपलीत जातो. मी करावे काय?" मी त्याला कायदा सांगितला. तो ऐकून घेऊन त्याने अर्जाची घडी केली, ती खिशात ठेवली आणि नमस्कार करून तो निघून गेला. पुन्हा तो आला नाही.

निनावी अर्जाचा तिटकारा प्रत्येक कचेरीला असतो आणि तो अगदीच अकारण नाही. सही एकाच वेळी दोन गोष्टी सांगते: बोलणारा कोण, आणि या विषयावर बोलण्याइतकी माहिती असण्याच्या जागी तो आहे की नाही. नाव काढून घेतले की दुसरी गोष्टही जाते. मग आतला जाणकार आणि रस्त्यावरचा द्वेष्टा यांच्यांत फरक उरत नाही. या दोन गोष्टी वेगळ्या करता येतील, असे माझ्यासारख्या कागद-शाईवर वाढलेल्या वकिलाच्या स्वप्नातही आले नव्हते. गूढलेखनाच्या शास्त्राने मात्र त्या वेगळ्या केल्या आहेत.

१९९१ साली डेव्हिड चॉम आणि युजीन व्हान हाइस्ट यांनी 'समूह-सही'ची कल्पना मांडली. एका संस्थेत दहा कारकून आहेत असे समजा. प्रत्येकाजवळ स्वतःची गुप्त किल्ली आहे. साऱ्या समूहाची उघड किल्ली मात्र एकच. दहांतील कोणीही आपल्या गुप्त किल्लीने मजकुरावर डिजिटल सही करावी. बाहेरच्या माणसाने उघड किल्लीने ती पडताळावी. 'ही सही या दहांपैकीच एकाची आहे' एवढे त्याला निश्चित कळते. कोणाची, ते कळत नाही. वाद उद्भवलाच तर समूहाचा व्यवस्थापक आपल्या खास किल्लीने नाव उघड करू शकतो.

म्हणजे नाव नाहीसे होत नाही. ते एकाच्या हाती ठेव म्हणून राहते. आपल्या कायद्याची दृष्टीही याच जातीची आहे. जागल्यांच्या संरक्षणासाठी २०१४ साली संमत झालेला कायदा म्हणतो की, तक्रारदाराने आपली ओळख द्यावी आणि अधिकाऱ्याने ती गुप्त ठेवावी; ओळख न देणाऱ्याच्या तक्रारीवर कार्यवाही होणार नाही.

पण ठेव सांभाळणारा कसा निघेल? सत्येंद्र दुबे या अभियंत्याने २००२ साली महामार्गाच्या कामातील गैरव्यवहाराविषयी पंतप्रधानांच्या कार्यालयाला पत्र लिहिले आणि नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली. पत्र नावासकट कचेऱ्यांतून फिरले. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गया येथे गोळी घालून त्यांचा खून झाला. तो लुटारूंनी केला, असे पुढे न्यायालयाने ठरवले. त्यापलीकडे मी काही सुचवीत नाही. परंतु विश्वासाने दिलेले नाव राखले गेले नाही, एवढे निर्विवाद आहे.

२००१ साली रिव्हेस्ट, शमीर आणि टाउमन यांनी हा ठेवीदारच काढून टाकला. त्यांच्या 'वलय-सही'त व्यवस्थापक नाही. सही करणाऱ्याने इतरांच्या उघड किल्ल्या घ्याव्यात, त्यांत आपली गुप्त किल्ली मिसळावी आणि सही करावी. नाव उघड करण्याची सोयच कोणाजवळ नाही. अर्थात, इतरांची संमतीही लागत नाही. आपण त्या वलयात आहोत हे त्यांना ठाऊकही नसते.

माझे मन येथे अडखळते. जुन्या काळी इंग्रज खलाशी कप्तानाविरुद्ध अर्ज करताना वर्तुळाकार सह्या करीत. पहिला कोण हे कळू नये हा हेतू. परंतु त्या वर्तुळातील प्रत्येकाने आपल्या हाताने सही केलेली असे. त्यांनी धोका वाटून घेतला होता. येथे एकजण तो इतरांना वाटून देतो. चिडलेला मालक दहाही जणांकडे संशयाने पाहील आणि त्यांतील नऊ जणांना कोणी विचारलेलेच नसेल.

कोणी म्हणेल, निरपराध्याला छळण्याचे पाप छळणाऱ्याचे, सही करणाऱ्याचे नव्हे. हे खरे, पण अर्धे खरे. जो परिणाम मला आधी दिसतो त्याची थोडी तरी जबाबदारी माझ्यावर येतेच. नाव लपले म्हणून भार नाहीसा होत नाही. समूह-सहीत तो ठेवीदाराच्या खांद्यावर जातो, वलय-सहीत शेजाऱ्याच्या.

म्हणून मला वाटते, शक्य तेथे समूह-सहीच बरी. आणि तिची उघडणारी किल्ली एकाच्या हाती नसावी. गुपिताचे असे वाटे करता येतात की, ठरलेल्या संख्येने माणसे एकत्र आल्यावाचून ते उघडत नाही. ही युक्ती शमीर यांनीच १९७९ साली दाखवली होती. जेथे ठेवीदारच आरोपी आहे, तेथे वलय-सहीवाचून गत्यंतर नाही. मात्र तेथे दोन बंधने पाळावीत. एक, आरोप कागदपत्रांवरून तपासता येण्याजोगा असावा. कारण जिची उलटतपासणी होऊ शकत नाही अशा साक्षीवर कोणालाही दोषी ठरवणे न्यायाला धरून नाही. दुसरे बंधन कोणतेही गणित घालू शकत नाही: आपल्याऐवजी दुसऱ्याला शिक्षा होऊ लागली, तर पुढे होऊन 'तो मी' असे म्हणण्याची मनाची तयारी हवी. ती असेल तर निनावीपण हे संरक्षण. नसेल तर ती दुसऱ्याच्या पाठीची ढाल.

त्या कारकुनाची आठवण अजून येते. त्याच्या कचेरीत आणखी नऊ जण होते. मी त्याला कलमे सांगितली. पण त्या नऊंपैकी आणखी कोणाच्या खिशात तसाच घडी केलेला कागद आहे काय, हे विचारण्याचे मला सुचले नाही.