व्यवहारज्ञान, शहाणपण आणि गहनता

'शितावरून भाताची परीक्षा' आणि 'दिसतं तसं नसतं' या दोन्ही म्हणी मराठी व्यवहारात सारख्याच प्रमाण मानल्या जातात. तथापि त्या परस्परविरोधी आहेत. पहिली अंशावरून पूर्णाचे अनुमान करावयास सांगते, दुसरी त्याच अनुमानाविषयी सावध करते. व्यवहारज्ञान हा अशा म्हणींचा साठा मानला, तर कोणत्या प्रसंगी कोणती म्हण लागू पडते याचा निर्णय त्या साठ्यात सापडत नाही. तो निर्णय हे शहाणपणाचे क्षेत्र होय. तरुण मनुष्य भूमितीत पारंगत होऊ शकतो, पण व्यवहारविवेक त्याच्या ठायी सहसा आढळत नाही, कारण विशिष्टाचे ज्ञान अनुभवाने येते, असे ॲरिस्टॉटल 'निकोमाखियन नीतिशास्त्रा'च्या सहाव्या भागात प्रतिपादतो.

अनुभवाला अक्षरओळखीची अट नसते. समीक्षा मात्र गहनतेचा संबंध बहुधा दुर्बोधतेशी जोडते. निरक्षर बहिणाबाई चौधरींची (१८८०-१९५१) गाणी १९५२ मध्ये ग्रंथरूपाने आली. त्यांचा 'साधे, उपजत शहाणपण' असा गौरव करणे वरकरणी उदार वाटते. वस्तुतः त्यामुळे त्यांतील विचाराशी वाद घालण्याची जबाबदारी टळते. ज्या विचाराचे केवळ कौतुक होते, त्याला विचार म्हणून मान्यता मिळालेली नसते. मतभेदाची शक्यता गृहीत धरणे, हाच येथे समीक्षेचा नैतिक आदर ठरतो.