दाढी, गाभारा आणि ईमान

धुळ्याला राज्य राखीव पोलीस दलाचा गट आहे. धुळे-जळगावची आपली मुले फजरची नमाज आटोपून भरतीसाठी मैदानावर धावतात. त्यांच्यापैकी एखादा वर्गात विचारतो, "सर, वर्दीसाठी दाढी काढली तर गुनाह होतो का?"

हा प्रश्न जहीरुद्दीन बेदाडे यांच्यापुढे प्रत्यक्ष उभा राहिला. राखीव दलातील या शिपायाला दाढीची मिळालेली परवानगी पुढे काढून घेण्यात आली. २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने दलाची बाजू उचलून धरली. धार्मिक काळापुरती दाढी ठेवून कामावर परत या, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सुचवले. बेदाडेंनी ते मानले नाही. २०२४ मध्ये त्या न्यायालयाने प्रकरण पुन्हा ऐकायचे ठरवले.

दुसरे उदाहरण लष्करातले. लेफ्टनंट सॅम्युअल कमलेसन हे ख्रिस्ती अधिकारी. जवानांबरोबर ते रेजिमेंटच्या मंदिरापर्यंत, गुरुद्वारापर्यंत जात. मात्र पूजेच्या वेळी गाभाऱ्यात जायला त्यांनी नकार दिला. २०२१ मध्ये ते बडतर्फ झाले. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यांची याचिका फेटाळली.

शिस्तीवाचून फौज चालत नाही. म्हणूनच घटनेच्या ३३व्या कलमाने सैन्य आणि पोलीस दलांतील मूलभूत हक्क मर्यादित करण्याचा अधिकार संसदेला दिला आहे. पण दोन हुकूम सारखे नसतात. चेहरा कसा ठेवावा, हा नियम सर्वांना एकच असेल तर त्यावर वाद घालता येतो, तडजोडही होते. दुसऱ्याच्या इबादतीत सामील हो, हा हुकूम मात्र थेट ईमानाला हात घालतो. १९८६ मध्ये केरळच्या तीन भावंडांच्या खटल्यात याच न्यायालयाने म्हटले होते की, राष्ट्रगीताला आदराने उभे राहणारे मूल ते गायले नाही, म्हणून त्याला शाळेतून काढता येत नाही. मग दाराशी आदराने उभा राहिलेला अधिकारी बेशिस्त कसा?

तौहीद मानणाऱ्या आपल्याला कमलेसन यांची अडचण चटकन समजायला हवी. बेदाडेंसाठी बोलायचे आणि कमलेसनसाठी गप्प बसायचे, ही स्वातंत्र्याची बाजू नव्हे, आपल्या माणसाची वकिली झाली.

आणि आपल्या मोहल्ल्याचे काय? दाढी राखणाऱ्याला दल बेशिस्त ठरवते. घरच्यांच्या रोटीसाठी ती उतरवणाऱ्याला आपण बेदीन ठरवतो. त्याच्या नियतीचा हिशेब अल्लाहकडे आहे, चौकातल्या टपरीवर नाही. जबरदस्ती कमांडंटची असो की बिरादरीची, तिच्याखाली राखलेली दाढी काय नि उतरवलेली दाढी काय, दोन्हींत ईमान शोधू नये.