तयारी आणि खरेपणा

मनातले उत्तर आधी घोकून ठेवले, तर ते मनातले राहते काय? प्रश्न जुना आहे आणि कीर्तनकारापासून साक्षीदारापर्यंत सर्वांना लागू पडतो. परंतु ज्या धंद्याचा सारा डोलारा विश्वासावर उभा, त्याच्या उंबरठ्यावरच तो आडवा आला म्हणजे त्याला वेगळी धार येते. इंग्लंडमधील सॉलिसिटरांच्या उमेदवारीविषयी मी हे म्हणत आहे.

तेथे सॉलिसिटर होण्यापूर्वी दोन वर्षे प्रत्यक्ष कामाचा अनुभव घ्यावा लागतो. पूर्वी या उमेदवारीस ‘आर्टिकल्स’ म्हणत. मुंबईच्या सॉलिसिटर मंडळींना हा शब्द चांगला परिचयाचा आहे. २०२१ साली परीक्षेची पद्धत बदलली, पण दोन वर्षांची अट राहिली. मोठ्या पेढ्या आपले उमेदवार पुष्कळदा बरेच आधी हेरून ठेवतात आणि त्यासाठी अर्जदारांना अख्खा दिवस बोलावून घेतात. कोठे कागदांची चळत हाती देऊन तासाभरात टिपण मागतात : एक कंपनी दुसरी विकत घेऊ पाहत आहे, धोके कोणते? कोठे पाचसहा जणांना मेजाभोवती बसवून एखादा करार ठरवावयास सांगतात. कोठे उताऱ्यावरून अनुमाने काढावयाची असतात, आणि उताऱ्याबाहेरचे ज्ञान वापरणे हाच तेथे दोष ठरतो. शेवटी भागीदारांपुढे मुलाखत. हा धंदा का? आणि आमचीच पेढी का?

टिपणाच्या तयारीत नीतीचा प्रश्न फारसा नाही. व्याजाचे दर चढले की घरखरेदीच्या कामाचे काय होते, हे समजून घेतले तर ते ज्ञानच. पाठ केले म्हणून ते खोटे होत नाही. घोटाळा सुरू होतो तो मेजाभोवती.

मेजाभोवतीची ही युक्ती मुळात लष्करी. १९४२ साली ब्रिटिश सैन्याने अधिकारी निवडण्यासाठी मंडळे नेमली, तेव्हा विल्फ्रेड बिऑन या मनोवैद्याने नायकावाचूनच्या गटाची कल्पना त्यांत आणली. कोणासही पुढारी नेमायचे नाही. काम द्यायचे, आणि स्वतःची छाप पाडण्याची हौस व गटाचे काम यांत माणूस कशाला झुकते माप देतो, ते दुरून न्याहाळायचे. भोपाळ किंवा बंगळूरच्या सैनिकी निवडमंडळापुढे गेलेल्या आपल्याकडील तरुणांना हा प्रकार ठाऊक आहे. कल्पना मोठी चतुर. पण गुणांचे कोष्टक उमेदवारास कळले की तिचे बळ ओसरते. गप्प बसलेल्यास बोलते करावे, त्याला गुण असतात, असे आता जो तो मार्गदर्शक सांगतो. मग एखादी मुलगी कोपऱ्यातल्या बुजऱ्या मुलास विचारते, ‘तुमचे काय मत?’ ही सहृदयता म्हणावी की हिशेब?

कांटने १७८५ च्या आपल्या नीतिविषयक ग्रंथात एका दुकानदाराचे उदाहरण घेतले आहे. तो लहान मुलासही वाजवी भावच लावतो, पण त्यात त्याचाच फायदा असतो. म्हणून कृती योग्य असली तरी तिला नैतिक मोल नाही. हा निवाडा लावला तर आपली मुलगी नापास. मला मात्र येथे ॲरिस्टॉटल जवळचा वाटतो : न्याय्य कृत्ये करीत करीतच माणूस न्यायी होतो. शिवाय त्या मुलाच्या बाजूनेही पाहावे. हेतू गढूळ होता म्हणून त्याला मिळालेली बोलण्याची संधी काही खोटी ठरत नाही. कसोटी लागते ती पुढच्या क्षणी. त्याचे म्हणणे पटले, तर आपला मुद्दा सोडण्यास ती तयार आहे काय? कोणत्याही मार्गदर्शकाने पढवून ही तयारी अंगी येणार नाही.

माझी एक पुतणी लीड्सला कायदा शिकते. ‘काका, हा धंदा का, याचे माझे खरे उत्तर पगार हे आहे. ते तर सांगता येत नाही. मग जे सांगेन ते खोटेच ना?’ असे तिने विचारले. मला हे पटले नाही. जो हेतू आधी सापडतो तोच काय तो खरा, असे कोठे आहे? घर सोडताना मालकाने तिची व तिच्या दोघी मैत्रिणींची अनामत अडकवली, तेव्हा तिघींचे करार हिनेच ओळ न् ओळ वाचून पत्रे लिहिली होती. त्याचा एक छदामही मिळायचा नव्हता. ती हकीकत ती विसरून गेली होती. अशी विस्मृतीतली गोष्ट हुडकून काढणे ही तयारीच, आणि तिच्यात असत्य काही नाही. असत्य शिरते ते ‘तेव्हाच मी सॉलिसिटर व्हायचे ठरवले’ या जोडवाक्यात. हे वाक्य फार गोड असते आणि कोणी पकडणारही नाही. परंतु १९९३ च्या बोल्टन खटल्यात तेथील अपील न्यायालयाने, एका सॉलिसिटरच्या नशिबापेक्षा साऱ्या वर्गाची विश्वासार्हता मोठी मानली, तो वर्ग याच दारातून आत येतो.

तयारीलाच नावे ठेवणाऱ्यांना माझे एक सांगणे आहे. वकिलांच्या घरी वाढलेल्यास ही भाषा जेवणाच्या पानावर मिळते. इतरांना ती शिकावी लागते. ‘सहजता’ हा गुण मानला की निवड पुन्हा घराण्यावर जाते. १९१३ साली ग्विनेथ बेब हिला सॉलिसिटरांच्या परीक्षेस बसू दिले नाही; १८४३ च्या कायद्यातील ‘व्यक्ती’ या शब्दात स्त्री येत नाही, असे न्यायालयाने ठरविले. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजींनी १८९२ साली ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली. पदवी हाती पडण्यास तीस वर्षे लागली. तयारीत या दोघी कोठे कमी होत्या?

राहिला ‘आमचीच पेढी का’ हा प्रश्न. बारा ठिकाणी अर्ज केलेल्यास तो विचारणे हा उभयपक्षी चाललेला शिष्टाचार आहे, असे म्हणून मी तो सोडून देणार होतो. पुतणीने तसे केले नाही. बारांपैकी सात अर्ज तिने मागे घेतले; त्या पेढ्यांविषयी तिला सांगण्यासारखे काही नव्हते. उरलेल्या पाचांत तिने अनामतीची हकीकत लिहिली, आणि दोघींचे पैसे परत आले, तिसरीचे आले नाहीत, हेही लिहिले.